राजसर्पाचा अन्नसत्याग्रह

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकतो की, ती खरी आहे की नाही हे तपासून पाहावे असे कोणाला कधी वाटत नाही. पोटात आग पडली म्हणजे माणूस शिळीपाकी भाकरी गोड मानून खातो. दारचे कुत्रे मिळेल त्याला तोंड लावते. दुष्काळात गुरे वाळकी धाटेसुद्धा चघळतात. तेव्हा भूक ही सगळ्यांची सारखी, आणि तिच्यापुढे कोणाची आवडनिवड चालत नाही, असा आपला पक्का समज होऊन बसलेला असतो. पण या पृथ्वीच्या पाठीवर एक प्राणी असा आहे की त्याने ही म्हण साफ खोटी पाडली. त्याला पिंजऱ्यात ठेवा, पुढ्यात ताजा, लुसलुशीत घास टाका, आठवडे जाऊ द्या, महिने जाऊ द्या. तो त्या घासाकडे ढुंकूनही पाहणार नाही. हाडे वर येतील, कातडी सैल पडेल, पण तोंड उघडणार नाही. हा प्राणी म्हणजे रानातून धरून आणलेला साप.

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात असताना सापाच्या जेवणाची कथा काढणे कोणाला औचित्याला सोडून वाटेल. पण वाचकहो, ज्या घरात ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा’ करीत एका हट्टी पोराला भरवण्यात आईची सबंध सकाळ जाते, त्या घराला ही कथा अगदीच परकी वाटू नये. न जेवणाऱ्याला जेवायला लावणे ही एक विद्या आहे, आणि सापाच्या बाबतीत ती शिकायला माणसाला शंभरावर वर्षे लागली. तिची ही हकीकत.

आपल्या कथेचा नायक अमेरिकेतला. इंग्रजीत त्याला किंगस्नेक म्हणतात, आपण राजसर्प म्हणू. आपल्या कोकणात, गोव्यात आणि पश्चिम घाटाच्या दाट रानांत जो नागराज सापडतो, त्याच्याशी मात्र याची गल्लत करू नये. नागराज जालीम विषारी. राजसर्प बिनविषारी, आणि कुळ पाहिले तर आपल्या धामणीच्या गोतातला. लिनियसने १७६६ साली त्याची शास्त्रीय दप्तरात नोंद केली. अंगावरचे खवले आरशासारखे चकाकतात म्हणून १८४३ साली फिट्झिंगर या शास्त्रज्ञाने त्याच्या वंशाला ‘लॅम्प्रोपेल्टिस’, म्हणजे चकचकीत ढालीवाला, असे नाव दिले. या वंशातले साप कॅनडाच्या दक्षिण टोकापासून दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरपर्यंत पसरलेले आहेत.

नागराज आणि राजसर्प यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे आणि दोघांनाही राजेपण मिळाले ते तिच्यामुळेच. दोघेही इतर सापांना खातात. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा अमेरिकेतला रॅटलस्नेक हा मोठा विषारी साप. त्याचे विष राजसर्पाला फारसे बाधत नाही. एरवी घोड्याला आणि माणसालाही दरडावणारा हा रॅटलस्नेक राजसर्प समोर आला की खुळखुळा वाजवायचे विसरतो, डोके जमिनीसरसे दडवतो आणि शरीराचा मधला भाग कमानीसारखा उचलून त्यानेच शत्रूला ढकलू पाहतो. १९३८ साली कौल्स यांनी ही चमत्कारिक बैठक शास्त्रज्ञांच्या नजरेस आणली. १९४१ साली बोगर्ट यांनी दाखवून दिले की रॅटलस्नेक आपल्या वैऱ्याला ओळखतो तो मुख्यतः वासावरून. हा वासाचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. आपल्या कथेची गुरुकिल्ली तोच आहे.

राजसर्प आपल्याएवढ्या, क्वचित आपल्याहूनही लांब सापाला गिळतो. एवढा साप पोटात मावतो कसा, या कोड्याचा उलगडा २००४ साली झाला. गिळलेल्या सापाच्या पाठीचा कणा आत गेल्यावर लाटांसारखा दुमडतो, आणि लांबलचक भक्ष्य आखूड जागेत बसते. पुढे २०१७ साली मोजमाप करून असेही दिसून आले की, त्याच्याच आकाराच्या उंदीरखाऊ सापांपेक्षा राजसर्पाची मिठी अधिक आवळ असते. असा हा पराक्रमी राजा. आणि हाच राजा एका लाकडी पेटीत येऊन पडला की उंदराच्या पिल्लाकडे पाठ फिरवून उपाशी बसतो!

*

सापाने काय खावे याविषयी माणसाच्या कल्पना पहिल्यापासून मोठ्या गमतीच्या आहेत. राजसर्पाच्या वंशात एक लहानसा, लालसर पट्ट्यांचा साप आहे. त्याला अमेरिकेत ‘मिल्कस्नेक’, म्हणजे दूधसाप म्हणतात. का, तर तो रात्री गोठ्यात शिरून गाईच्या आचळाला तोंड लावतो, अशी तिकडच्या शेतकऱ्यांची समजूत. आता आपल्याकडची धामण आठवा. धामण म्हशीच्या पायांना वेटोळे घालते आणि दूध पिते, हे आपल्या खेड्यापाड्यांतून शपथेवर सांगणारे लोक आजही भेटतात. मधे सात समुद्र, भाषा वेगळी, गुरे वेगळी, साप वेगळा. पण कथा तीच! खरे पाहता सापाला चोखण्याजोगे ओठ नाहीत, आणि त्याचे सुईसारखे दात आचळाला लागले तर कोणतीही गाय लाथ झाडल्यावाचून राहणार नाही. साप गोठ्यात येतो तो वैरणीत आणि पेंडीत घर केलेल्या उंदरांसाठी. म्हणजे तो येतो उपकार करायला, आणि आळ घेऊन जातो चोरीचा.

‘पण गुरुजी, नागपंचमीला नाग दूध पितो ते?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर गोड नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो. तहानेने व्याकूळ झालेला जीव पुढे येईल ते ओले पितो. दूध त्याला पचत नाही, आणि त्यापायी कित्येक साप मरतात. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा एके काळी सबंध महाराष्ट्रात गाजलेली होती. पुढे न्यायालयाने तिच्यावर निर्बंध घातले. श्रद्धेचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. पण एवढे म्हणावेसे वाटते की, दूध हे आपल्याला प्रिय म्हणून आपण ते सापाच्या पुढे ठेवले. त्याला काय हवे हे विचारायचे राहूनच गेले. पुढे शास्त्रज्ञांच्या हातूनही नेमकी हीच गोष्ट घडली. त्यांनी दुधाच्या जागी उंदीर ठेवला, एवढेच.

*

लंडनच्या प्राणिबागेत १८४९ साली सर्पगृह उघडले. जगातले असे हे पहिलेच. काचेआडून जिवंत नाग-अजगर पाहायला लोटच्या लोट लोक येऊ लागले. पण साप दाखवणे वेगळे आणि साप जगवणे वेगळे. या पाहुण्यांना काय लागते याची त्या काळी कोणालाच धड कल्पना नव्हती. थंडीचा निवारा म्हणून त्यांच्या पेटीत घोंगड्या टाकीत. १८५१ साली तिथल्या एका थोरल्या बोआने, म्हणजे आपल्या अजगराच्या तिकडच्या भाऊबंदाने, आपली घोंगडीच गिळून टाकली आणि कित्येक दिवसांनी ती ओकून बाहेर काढली. लंडनकरांची या प्रकाराने मोठी करमणूक झाली. पण ज्या प्राण्याला एरवी जेवायला लावता येत नाही तो घोंगडी का गिळतो, हा प्रश्न कोणी फारसा मनावर घेतला नाही.

न्यूयॉर्कची ब्राँक्स प्राणिबाग १८९९ साली उघडली, आणि तिच्या सापांचा भार रेमंड डिटमार्स या तेवीस वर्षांच्या तरुणावर आला. पुढे या गृहस्थांनी पुस्तके, व्याख्याने आणि चित्रपट यांच्या द्वारे साऱ्या अमेरिकेला सापांची गोडी लावली. पण त्या काळी उपाशी सापावर एकच उतारा माहीत होता, आणि तो म्हणजे बळजबरी. थोरला अजगर जेवत नसला की पाच-दहा माणसे त्याला सरळ ताणून धरीत, जबडा उघडीत, आणि ससे दांडक्याच्या टोकाला बांधून ते घशात कोंबीत. लहान सापांच्या तोंडात मांसाचे तुकडे चिमट्याने ढकलीत. कधी तो घास पोटात राही. कित्येकदा माणसे पाठमोरी होताच साप तो उलटून टाकी. जबडा दुखावे, दात मोडत, तोंडात जखमा होत. आणि सर्वांत वाईट म्हणजे जो प्राणी भीतीने उपाशी होता, तो आणखी भेदरून जाई. ताप आलेल्या मुलाचे नाक दाबून त्याला काढा पाजणारी माणसे आपणही पाहिली आहेत. ती दुष्ट नसतात. त्यांना दुसरा उपाय ठाऊक नसतो.

पहिला खरा प्रकाश पडला तो उष्णतेच्या बाबतीत. आपण जेवतो त्यातला मोठा वाटा आपले अंग ऊन ठेवण्यात खर्ची पडतो. साप हा खर्च करीतच नाही. तो ऊब उन्हाकडून आणि तापलेल्या दगडाकडून उसनी घेतो. म्हणून तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. पण याच कारणाने ऊब नसेल तर त्याला घास पचवताही येत नाही. पोटातले अन्न कुजू लागते. थंड पेटीतला साप जेवत नाही हा त्याचा हट्ट नव्हे, ते शहाणपण आहे. लंडनच्या जोन प्रॉक्टर या विदुषीने हे नीट ओळखले. प्रकृतीने नाजूक अशा या बाईंनी आखलेले नवे सर्पगृह १९२७ साली उघडले. त्यात विजेच्या साहाय्याने पिंजऱ्यापिंजऱ्यातली ऊब नियंत्रित ठेवण्याची सोय होती. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९३१ साली त्या वारल्या. पण साप हा शोभेची वस्तू नसून त्याला त्याचे हवामान द्यावे लागते, हा त्यांचा धडा मागे राहिला.

*

आता आपण कॅलिफोर्नियात जाऊ. सॅन डिएगो शहरातल्या वीज कंपनीत लॉरेन्स क्लॉबर नावाचे एक इंजिनियर होते. पुढे ते त्या कंपनीच्या सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचले. पण दिवसा विजेचा हिशेब पाहणारा हा माणूस रात्री मोटार काढून वाळवंटातल्या रस्त्यांवरून साप शोधीत हिंडे. उन्हात तापलेला रस्ता रात्री ऊब धरून असतो, आणि त्यावर आलेले साप दिव्यांच्या उजेडात दिसतात, या युक्तीचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्यांत ते अग्रणी होते.

त्यांच्या भागात दोन राजसर्प होते. एकाच्या अंगावर आडवी कडी, दुसऱ्याच्या पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच लांब रेघ. रेघवाल्याला १८३५ साली एक नाव मिळाले होते, कडीवाल्याला १८५३ साली दुसरे. दोन रूपे, दोन नावे, म्हणून दोन जाती. पंडितांना यात संशय घेण्याजोगे काही दिसले नव्हते. क्लॉबर यांनी काय केले? त्यांनी माद्यांची अंडी जपली आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत वाट पाहिली. एकाच आईच्या अंड्यांतून कडीवाली आणि रेघवाली अशी दोन्ही तऱ्हांची पिल्ले बाहेर आली! सख्ख्या भावंडांना दोन जाती कोण म्हणेल? १९३६ साली आणि पुन्हा १९३९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि शंभर वर्षांची दोन नावांची भानगड मिटली.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. मेलेला साप बाटलीतल्या अर्कात ठेवून जे कळत नाही, ते जिवंत साप सांगतो. पण त्यासाठी तो जिवंत राहायला हवा. आणि जिवंत राहायचा तर तो जेवायला हवा. उपाशी सापाला जेवायला लावणे हा आता नुसता छंद किंवा भूतदया राहिली नाही. ज्ञानाची एक वाटच तिथे अडून बसली होती.

*

न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडची प्राणिबाग १९३६ साली उघडली. बाग लहानशी, पण तिथे कार्ल कॉफेल्ड नावाचे सर्पाधिकारी होते आणि त्यांच्या रॅटलस्नेकांच्या संग्रहाची ख्याती दूरवर होती. दक्षिण कॅरोलिनाच्या पाइनच्या रानांत ते स्वतः साप धरायला जात. म्हणून रानातला साप आणि पेटीतला साप या दोघांशीही त्यांची सारखीच ओळख होती. १९६९ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच राखणारा आणि राखलेला अशी जोडी आहे. आयुष्यभराच्या अनुभवाचे त्यातले सार साधे आहे. सापाला सर्वांत आधी लागते ती निर्भयता.

विचार करून पाहा. रानातला साप दिवसाचे बहुतेक तास एखाद्या खबदाडात, दगडाखाली किंवा बिळात, अंगाला चारी बाजूंनी स्पर्श होईल असा अंग चोरून बसलेला असतो. त्याला उचलून चहूकडून काच असलेल्या मोकळ्या पेटीत ठेवले, वर दिवा लावला, आणि समोर पाचपन्नास तोंडे हलू लागली, तर त्याला काय वाटत असेल? भक्ष्य गिळताना साप सर्वांत असहाय असतो. तोंड भरलेले, पळता येत नाही, चावता येत नाही. जिथे आपणच कोणाचा तरी घास होऊ अशी धास्ती आहे, तिथे तो घास तोंडात कसा घेईल? सासरी पहिल्यांदा आलेली पोर चारचौघांत बसून जेवत नाही. मग सासूबाई ताट आतल्या खोलीत नेऊन ठेवतात आणि दार लोटून घेतात. सापाचेही तेच. पेटीत एक अंधारी ढोली ठेवावी, ती मोठी नको, अंगाला घट्ट बसेल अशी हवी. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, वाटीत पाणी. घास संध्याकाळी ठेवावा आणि मग उघडून, वाकून, दिवा लावून पाहू नये. पुष्कळ सापांचा उपास एवढ्यानेच सुटतो.

याशिवाय काळवेळही असते. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर दुधी पडदा येतो तेव्हा साप जेवत नाही. हिवाळ्यात जेवत नाही. वसंतात मादीच्या शोधात असलेला नर जेवत नाही, आणि अंडी घालायला आलेली मादीही जेवत नाही. पोटात जंत असले तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. रोजच्या रोज घास पुढे करून सापाचे डोके खाणारा मनुष्य स्वतःच त्या उपवासाचे कारण होतो.

*

पण इतके सगळे करूनही जो जेवत नाही, त्याचे काय? इथे आपल्याला टेक्सास संस्थानाच्या पश्चिमेकडच्या ओसाड डोंगरांत जावे लागते.

त्या डोंगरांतला एक राजसर्प १९०१ साली आर्थर अर्विन ब्राऊन यांच्या हाती आला. फिलाडेल्फियाच्या प्राणिबागेचे कारभारी असलेल्या ब्राऊन यांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिले. राखाडी अंग आणि त्यावर बारीक काळे पट्टे असा हा साप दिसायला मोठा देखणा. पण तो सापडे इतका क्वचित की, पुढची कित्येक दशके त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नमुने जमले. १९५० साली त्याच भागात फ्लरी यांना दुसरा एक राजसर्प आढळला. याच्या पट्ट्यांत रुंद नारिंगी रंग भरलेला. तीही नवी जात ठरली. पुढे साप शोधणारे लोक रात्रीच्या रात्री चुनखडीच्या कड्यांतून काढलेल्या रस्त्यांवर दिवे घेऊन हिंडू लागले आणि कळले की हा साप दुर्मीळ नाही. तो फक्त कड्यांच्या भेगांत राहतो आणि रात्रीच बाहेर पडतो.

साप मिळू लागले, पण जेवेनात. उंदराचे, अंगावर केसही न आलेले गुलाबी पिल्लू पुढे ठेवले तरी त्याच्यावरून अंग ओढीत साप निघून जाई. ऊब दिली, ढोली दिली, एकांत दिला, तरी तेच. कारण रानात त्याचे मुख्य अन्न होते सरडे. डोंगराच्या भेगांत झोपलेले सरडे तो रात्री हुडकून काढतो. उंदराचे पिल्लू हे अन्न आहे हेच त्याच्या गावी नव्हते. आपल्यापैकी एखाद्या शाकाहारी माणसापुढे जिवंत खेकडा ठेवला तर त्याला भूक लागलेली असूनही ते जेवण आहे असे वाटेल काय?

मग सापाला ‘हे जेवण आहे’ असे सांगायचे कसे? त्याच्याशी बोलायची भाषा कोणती? ती भाषा वासाची. सापाची दुभंगलेली जीभ चव घेण्यासाठी नसते. ती हवेतले आणि जमिनीवरचे सूक्ष्म कण टिपते, आणि ते टाळूतल्या एका इंद्रियापर्यंत पोहोचतात. डेन्मार्कच्या जेकबसन यांनी १८१३ साली प्राण्यांतल्या या इंद्रियाचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे १९६६-६७ च्या सुमारास गॉर्डन बर्गहार्ट या संशोधकांनी एक सुरेख प्रयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या, अजून एकही घास न खाल्लेल्या सापांपुढे त्यांनी कापसाचे बोळे धरले. कशावर गांडुळाचा अर्क, कशावर माशाचा, कशावर आणखी कशाचा. पिल्लांनी कोरड्या कापसावर झडप घातली! पण कोणत्याही बोळ्यावर नव्हे. ज्या जातीचे जे अन्न, त्याच वासाच्या बोळ्यावर. आई शिकवायला नाही, अनुभव नाही, तरी आवड जन्मतःच बरोबर आलेली. १९७७ साली स्टीव्हन अर्नॉल्ड यांनी याहून पुढची गोष्ट दाखवली. कॅलिफोर्नियाच्या ओल्या किनाऱ्यावरच्या एका सापाची पिल्ले गोगलगायीच्या जातीचे बिनशंखाचे किडे आवडीने खातात. त्याच जातीची, पण कोरड्या आतल्या भागातली पिल्ले त्यांना शिवत नाहीत. म्हणजे जेवणाची आवड नुसत्या जातीची नव्हे, मुलखाचीही असते. कोकणी माणसाला मासे आणि देशावरच्याला भाकरी, हा भेद आपल्यालाच तेवढा आहे असे नाही!

साप पाळणाऱ्यांनी या विद्येचा व्यवहारात असा उपयोग केला. उंदराचे पिल्लू पाण्याने धुऊन त्याचा मूळचा वास घालवायचा. ते कोरडे करून सरड्याच्या अंगावर नीट घासायचे. मग एका लहानशा डब्यात, अंधारात, साप आणि ते पिल्लू रात्रभर एकत्र ठेवायचे. जीभ आतबाहेर होते. एकदा, दोनदा, दहादा. नंतर ती भराभर होऊ लागते, मान थबकते, आणि जबडा मिटतो तो उंदरावर. पुढच्या खेपेला सरड्याचा वास थोडा कमी लावायचा, त्यापुढच्या खेपेला आणखी कमी. असे करता करता एक दिवस नुसता उंदीरही चालतो. घाई केली तर सारे मुसळ केरात. पुन्हा सरड्यापासून आरंभ. प्राणिबागांतल्या नागराजालाही याच रीतीने, घुशी-उंदरांना सापाचा वास लावून, उंदरांवर आणता येते.

टेक्सासच्या त्या दोन जातींचे पुढे काय झाले हे वाचकांनी ओळखलेच असेल. हे साप पेटीत जगले, अंडी घालू लागले. आणि १९७० साली अर्नेस्ट टँझर यांनी दाखवले की एकाच मादीच्या पोटी बारीक पट्ट्यांची आणि रुंद नारिंगी पट्ट्यांची अशी दोन्ही तऱ्हांची पिल्ले जन्मतात. क्लॉबर यांची कथा पुन्हा घडली. ब्राऊन यांचा साप आणि फ्लरी यांचा साप हे एकाच घरचे निघाले. पेटीतच जन्मलेली पुढची पिढी उंदीर अधिक सहज खाऊ लागली, आणि ज्या सापासाठी लोक वर्षानुवर्षे रात्री जागवीत होते तो घरोघरच्या पेट्यांत दिसू लागला. रानातून साप धरून आणण्याची निकडही त्यामुळे कमी झाली.

*

कथा इथे संपती तर सारे गोड झाले असते. पण इतिहास हा फराळाच्या ताटासारखा सगळाच गोड नसतो.

आफ्रिकेच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात, स्पेनच्या ताब्यातली कॅनरी बेटे आहेत. तिथे मूळचा एकही साप नाही. त्यांतल्या ग्रान कनारिया बेटावर मात्र एक थोरला सरडा राहतो. तो हातभर लांब वाढतो आणि जगात मूळचा दुसरीकडे कुठेही नाही. या बेटावर १९९८ साली रानात एक कॅलिफोर्नियाचा राजसर्प आढळला. कोणाच्या तरी घरातून सुटलेल्या, किंवा कंटाळून सोडून दिलेल्या सापांचा तो वंश. पेट्यांतून उंदरांवर पोसलेल्या घराण्यातली ही मंडळी. कित्येक तर पेट्यांतच निपजतात तशी पांढुरकी, रंगहीन. त्यांना रानात जेवायला शिकवावे लागले नाही. सरड्याचा वास हवेत होताच. आणि ज्या सरड्यांच्या पूर्वजांनी साप कधी पाहिलाच नव्हता, त्यांना पळावे कशाला हेही कळले नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, जिथे जिथे हे साप पसरले तिथे तिथे थोरल्या सरड्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आहे. सरकारी माणसे सापळे लावून हजारो साप पकडीत आली, तरी साप संपत नाहीत. ज्याच्या तोंडात एक घास जावा म्हणून माणसांनी तपश्चर्या केली, त्याच्या तोंडून घास काढून घ्यावा कसा, ही आता चिंता आहे.

याचा दोष सापाला देता येणार नाही. तो पेटीत जसा होता तसाच बेटावर आहे. ऊब असेल, आडोसा असेल आणि ओळखीचा वास येईल तिथे तो जेवतो. बदलली ती माणसाची चूक. आधी त्याने सापाची भूक ओळखली नाही. आणि ओळखल्यावर ती कुठे मोकळी सोडू नये हे त्याला सुचले नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला साप धरून घरी पाळायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पावसाळ्यात परसात धामण निघाली तर तिला बरणीत कोंडून दुधाची वाटी पुढे ठेवण्याचा मोह कोणी धरू नये. जाणत्या सर्पमित्राला बोलवावे आणि तो येईपर्यंत मुलांना लांबून पाहू द्यावे. ती वारंवार जीभ बाहेर काढील. ती धमकी नव्हे. या घरात उंदीर किती आहेत, याची ती चौकशी करीत असते.